जहाज बांधावे कुठे?

मराठीत 'जहाज बांधणे' या शब्दांना दोन अर्थ आहेत. लाकूड जोडून जहाज तयार करणे हा एक आणि तयार जहाज दोराने धक्क्याला अडकवणे हा दुसरा. पहिल्या अर्थाचे पोवाडे होतात. दुसऱ्याकडे फारसे कुणी पाहत नाही. पण जहाज जितके मोठे, तितका हा दुसरा प्रश्न अवघड होत जातो.

आमच्या विंचूरकरांनी या विषयावर का बोलावे, असे कुणी विचारील. आमच्यापासून समुद्र दूर. मध्ये सह्याद्री आडवा. आमच्याकडे नांगर म्हणजे शेतीचे औत. कोकणात त्याच नांगराने जहाज जागेवर धरून ठेवतात. विंचूर म्हटले की आठवतात विठ्ठल शिवदेव विंचूरकर, पानिपत, घोडदळ. पेशवाईचा इतिहास आपण बहुधा घोड्यावर बसूनच वाचतो. परंतु घोड्याला जशी पागा लागते, तशी जहाजाला हक्काची जागा लागते. आणि जागेचा प्रश्न लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॉली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, तेव्हा दौलतखान आणि दर्यासारंग हे त्याचे नामांकित सरदार होते. त्या आरमाराबरोबर एक सबंध भाषा मराठीत रुळली. 'बंदर' फारसी, 'नाखवा' म्हणजे फारसीतला 'नाखुदा', नावेचा धनी. सारंग, तांडेल, गुराब, गलबत हे शब्द कोळीवाड्यांतून आणि बखरींतून घरचेच झाले. पण शब्द आणि जहाजे पुरेशी नव्हती. मोठी गुराब उभी करायची तर ओहोटीलाही तळाशी पुरेसे पाणी हवे, वळायला रुंदी हवी, वाऱ्याला आडोसा हवा. आणि जून ते सप्टेंबर आपला दर्या कुणाचेच ऐकत नाही. तेव्हा चार महिने आरमार ठेवायचे कुठे?

याचे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त मिळते. 1715-16 च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आज बोटींच्या तळांचे, म्हणजे मरिनांचे, जे छापील नियम असतात, त्यांचा हा मराठी पूर्वजच. पावसाळ्याची छावणी दरवर्षी नव्या बंदरात करावी. जवळ किल्ल्याचा आश्रय असावा. सगळे आरमार एका ठिकाणी ठेवू नये. रात्री पाण्यातून आणि जमिनीवरूनही गस्त असावी.

याहून मोलाचे नियम आहेत ते किनाऱ्याच्या बाजूचे. बंदराचे उत्पन्न आरमाराच्या खर्चाला लावून देऊ नये; कारण मग आरमारवाले सावकारांना, व्यापाऱ्यांना नाडतील आणि बंदर ओस पडेल. लाकडासाठी साग हवा तर हुजूरची परवानगी घ्यावी. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढवलेली असतात. म्हणजे जहाज राजाचे असले तरी किनारा कुणाचा, हे अमात्य विसरले नाहीत.

पुढे आंग्र्यांच्या काळात विजयदुर्ग हे या विद्येचे मोठे ठाणे झाले. किल्ल्यामागे वाघोटणची खाडी आत शिरते. तिथे गिर्ये गावाजवळ कातळ खोदून केलेली गोदी आजही दिसते. लांबी सुमारे साडेतीनशे फूट. भरतीबरोबर जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला कोरडे पाडून डागडुजी करायची, अशी तिची योजना.

त्याच विजयदुर्गावर फेब्रुवारी 1756 मध्ये अमात्यांचा एक नियम मोडल्याची किंमत कळली. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. पेशव्यांची फौज जमिनीवरून आली आणि ॲडमिरल वॉटसनचे आरमार समुद्रातून. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना लागून बांधलेली होती. त्यांत कंपनीकडून पूर्वी जिंकून आणलेले 'रिस्टोरेशन' होते. तोफेच्या एका गोळ्याने त्याला आग लागली, आणि शेजारून शेजारी करत ती पसरली. कान्होजींच्या वेळेपासून दरारा बसवलेले आरमार काही तासांत जळाले. पराभवाला इतर कारणेही होती. घरचे भांडण हे पहिले. तरी 'सगळे एका ठिकाणी ठेवू नये' हे वाक्य चाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते.

आता राजांच्या गुराबा नाहीत. धनिकांच्या यॉट आहेत, प्रवाशांच्या लाँच आहेत आणि कोळ्यांचे ट्रॉलर आहेत. जगभरच्या मरिनांत जागेचे भाडे बोटीच्या लांबीवर ठरते. दोन सांगाड्यांची रुंद बोट आली तर ती दोन जागा अडवते, म्हणून भाडे वाढते. विम्याचे कागद दाखवावे लागतात, मैला पाण्यात सोडता येत नाही, बोटीवर मुक्काम करायला वेगळी परवानगी लागते. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत जवळजवळ पाच मीटरचा फरक पडतो. तिथे दोर आखूड बांधला तर बोट लटकेल आणि सैल सोडला तर शेजारच्या बोटीवर आदळेल. म्हणून पाण्याबरोबर वर-खाली होणारे तरते धक्के लागतात.

किनाऱ्याचा प्रश्नही तोच आहे. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी होणाऱ्या नव्या जेट्टीला कुलाब्याच्या रहिवाशांनी हरकत घेतली. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जेट्टीला परवानगी दिली ती अटी घालून. प्रवाशांच्या बसण्याच्या जागेचा करमणुकीसाठी वापर करायचा नाही, ही त्यांतली एक. वाचताना अमात्यांचे आंबे-फणस आठवले.

मोठी बोट घेणे हा पैशाचा प्रश्न आहे. ती बांधायची कुठे, हा मात्र शेजाऱ्यांचा प्रश्न आहे. जाळी वाळत घालणारी कोळीण, लाँचची वाट पाहणारा नोकरदार, समुद्राचा वारा खायला आलेला म्हातारा, हे सगळे त्या धक्क्याचे भागीदार. नवी बंदरे आणि मरिना आखणाऱ्यांनी जहाजांची लांबी-रुंदी जरूर मोजावी. त्याबरोबर 'आज्ञापत्रा'तले हे छोटेसे प्रकरणही एकदा वाचावे.