चाळीस जण, रात्री आठ वाजता

'एव्हरक्वेस्ट'मध्ये मरणं महाग होतं. 1999च्या मार्चमध्ये आलेल्या या खेळात तुमचं पात्र मेलं, की कमावलेल्या अनुभवातला काही भाग कापला जाई. नुकतीच वरची लेव्हल गाठली असेल, तर पुन्हा खाली घसरायची पाळी येई. चिलखत, तलवार, थैली सगळं मढ्यापाशीच राही, आणि नव्याने उपजलेलं पात्र उघडंवाघडं पळत ते मढं शोधायला निघे. वाटेत तेच राक्षस. रात्री अकराला 'जरा अर्धा तास' म्हणून बसलेला माणूस पहाटे तीनला स्वतःच्याच प्रेताभोवती घुटमळत असे. खेळाडूंनीच त्याला 'एव्हरक्रॅक' असं नाव ठेवलं होतं, आणि ते काही प्रेमाने नव्हे.

हजारो लोक एकाच वेळी एकाच कल्पित जगात वावरतात, अशा या खेळांच्या इतिहासात एक भांडण कधी मिटलेलं नाही: 'कॅज्युअल' आणि 'हार्डकोअर' यांचं. पहिला म्हणतो, मीही तेवढीच वर्गणी भरतो, मग खेळाचा शेवट मला का दिसू नये? दुसरा म्हणतो, मी वर्षभर रात्री घालवून जे मिळवलं, ते तुला फुकट का मिळावं? वरवर पाहता हा कौशल्याचा वाद वाटतो. मला तो तसा कधीच वाटला नाही.

या खेळांचा पूर्वज म्हणजे इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात 1978 साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी घडवलेला 'मड'. त्यात चित्रं नव्हती, नुसते शब्द. याच बार्टल यांनी 1996मध्ये खेळाडूंचे पत्त्यांसारखे चार प्रकार पाडले: मिळकतीमागे लागलेले ते चौकट, जग धुंडाळणारे इस्पिक, गप्पा मारायला येणारे बदाम, आणि दुसऱ्याला मारण्यात मजा घेणारे किलवर. मांडणी झकास आहे, अजूनही वापरली जाते. पण तुम्हाला खेळात काय हवंय एवढंच ती विचारते. तुमच्याकडे वेळ किती आहे, हा प्रश्न तिच्यात नाही.

तो प्रश्न पुढच्या पिढीने सोडवायला घेतला, आणि गंमत म्हणजे सोडवणारे कट्टर हार्डकोअर होते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' घडवणाऱ्यांपैकी रॉब पार्डो आणि जेफ कॅप्लन हे दोघेही एव्हरक्वेस्टमधल्या 'लेगसी ऑफ स्टील' या नामांकित गिल्डचे पुढारी होते. त्यांचा खेळ 2004च्या नोव्हेंबरमध्ये आला. इथे मेल्यावर अनुभव कापला जात नव्हता. भूत होऊन प्रेतापर्यंत पळत जायचं, की पुन्हा जिवंत. चाचणीच्या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली: फार वेळ सलग खेळणाऱ्याचा अनुभव निम्म्यावर आणायचा. लोक खवळले. मग त्यांनी पाटी बदलली. सराईत विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट अनुभव, विश्रांती संपली की नेहमीचा. आणि लेव्हलसाठी लागणारा एकूण अनुभवही त्या प्रमाणात वाढवला. आकडे जवळपास तेच. तक्रारी थांबल्या. दंडाला बक्षीस म्हटलं, की माणूस खूश! आपल्याकडच्या सोसायट्यांनी थकबाकीदारांच्या बाबतीत याचा विचार करावा.

साठाव्या लेव्हलपर्यंतचा प्रवास असा कॅज्युअल माणसाला सोपा झाला. साठाव्या लेव्हलनंतर मात्र जुनंच दार होतं. 'मोल्टन कोर'मध्ये रॅग्नारोस या अग्निराक्षसाला मारायला चाळीस माणसं लागत. चाळीस जणांना एकाच वेळी संगणकासमोर बसवणं, हे राक्षस मारण्यापेक्षा अवघड. म्हणून गिल्डनी एव्हरक्वेस्टपासून चालत आलेली 'डीकेपी' पद्धत उचलली: आलात, गुण मिळाले, गुण साठले, की लूट मिळाली. थोडक्यात, मस्टर. दिवसभर ऑफिसातल्या मस्टरवर सही करून आलेली माणसं रात्री आठला दुसऱ्या मस्टरवर सही करत.

मी तेव्हा न्यू जर्सीत होतो, एकटा, आणि माझी हजेरी चोख होती. आमच्यातली सगळ्यात चांगली हीलर एक नर्स होती. तिची ड्युटी दर आठवड्याला बदलायची. ती असली की मुख्य योद्धा मरत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी गुणांच्या यादीत ती कायम तळाला, आणि एका वसंतात तिची जागा दुसऱ्याला दिली गेली. मतदान झालं होतं. मीही हात वर केला होता. नियम सर्वांना सारखा, असं आम्ही तिला सांगितलं.

2006च्या जूनमध्ये आलेलं 'नाक्झरामास' तर इतकं कठीण होतं, की ते आतून फारच थोड्यांनी पाहिलं. एवढं मोठं काम मूठभरांसाठी केलं, हे कंपनीलाही परवडणारं नसावं. 2007मध्ये चाळिसाचे पंचवीस झाले, काही ठिकाणी दहा. आणि 2008मध्ये तेच नाक्झरामास दहा आणि पंचवीस जणांसाठी सोपं करून पुन्हा आणलं. जुने लोक संतापले. 2009च्या डिसेंबरपासून तर एक बटण दाबलं, की खेळच चार अनोळखी माणसं शोधून देऊ लागला. 2010च्या ऑक्टोबरमध्ये वर्गणीदारांचा आकडा एक कोटी वीस लाखांवर गेला. कॅज्युअल जिंकला म्हणायचं. पण त्या चौघांशी 'हाय'पलीकडे बोलायची गरज उरली नाही, आणि तेही खरंच होतं. नावं लक्षात राहायची, ती पूर्वी एकमेकांवाचून अडायचं म्हणून.

2019च्या ऑगस्टमध्ये जुना खेळ 'क्लासिक' या नावाने परत आला. 2005मध्ये रॅग्नारोस पहिल्यांदा पडायला एप्रिल उजाडला होता, म्हणजे पाच महिने. या वेळी तो आठवड्याच्या आत पडला. राक्षस जवळपास तोच होता. त्याच्या सगळ्या खोड्या आता जगाला पाठ होत्या, संगणक आणि इंटरनेट वेगवान झाले होते. ज्याला आम्ही कौशल्य म्हणत होतो, त्यातलं बरंचसं म्हणजे चाचपडायला लागलेला वेळ होता.

मीही परत गेलो, आता पुण्याहून. गिल्ड अमेरिकेतलीच, बहुतेक चाळिशीतले. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे माझे पहाटेचे साडेपाच. आठवड्यातून एकच दिवस खेळतात, आणि हजेरीला गुण नाहीत. कोणाचं बाळ रडलं, की चाळीस जण थांबतात. माझ्याकडे दूधवाल्याची बेल वाजते, तेव्हाही.