हौशी परिचालन प्रणाली
हौशी परिचालन प्रणाली : संगणकाची स्मृती, चकती, कळफलक व पडदा यांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली म्हणतात. विक्रीसाठी नव्हे, तर अभ्यास वा आवड म्हणून व्यक्तींनी किंवा लहान गटांनी रचलेल्या अशा प्रणालींना हौशी म्हणण्याचा प्रघात आहे.

या परंपरेचे एक मूळ अध्यापनात सापडते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची मूळ आज्ञावली व तीवरील भाष्य विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केले. पुढे सातव्या आवृत्तीच्या (१९७९) परवान्याने अशा अध्यापनास मनाई केली. भाष्याच्या छायाप्रती मात्र हातोहात फिरत राहिल्या. या अडचणीतून ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी मिनिक्स रचली (१९८७) आणि तिची आज्ञावली पाठ्यपुस्तकातच छापली. ती वापरणारा हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण केवळ छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच लिनक्स होय. इतरांच्या वाट्याला एवढा विस्तार आला नाही. फ्रीडॉस (१९९४) ही डॉसची, तर हायकू (आरंभ २००१) ही बंद पडलेल्या बीओएसची पुनर्रचना आहे.

अशा प्रणालीचा गाभा लिहिण्यापेक्षा निरनिराळ्या उपकरणांचे चालक लिहिणे कष्टाचे असते, कारण पुष्कळ निर्माते उपकरणांचा तपशील उघड करीत नाहीत. त्यामुळे ज्याचे घटक सर्वपरिचित आहेत असा जुना संगणकच हौशी मंडळींना सोयीचा पडतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने लिपीची कसोटी अधिक महत्त्वाची आहे. डॉसच्या अक्षरपटलावर सामान्यतः २५६ ठराविक रुंदीच्या आकृत्याच मावत. जोडाक्षरांना तेथे जागा नव्हती. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) प्रसारात आणलेले जिस्ट तंत्रज्ञान संगणकात बसविण्याच्या स्वतंत्र कार्डाच्या रूपाने मिळे. लिपीची जुळणी तेच करी. इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतावली १९९१ मध्ये प्रमाण ठरली व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्येही देवनागरीचा समावेश झाला. तथापि संकेत ठरल्याने अक्षर पडद्यावर नीट उमटतेच असे नाही. ‘मालवण’ या शब्दातील पाच चिन्हे साठविलेल्या क्रमानेच मांडावयाची असल्याने तो शब्द साध्या प्रणालीतही शुद्ध दिसतो. ‘सिंधुदुर्ग’ची चिन्हे दहा. त्यांतील ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते ‘स’नंतर, पण दिसावयास हवी त्याच्या आधी, ‘र्’ साठविला जातो ‘ग’च्या आधी, पण रफार चढतो ‘ग’वर. हा फेरबदल करणारी जुळणी-आज्ञावली नसलेल्या प्रणालीत शब्द विस्कटतो. लिनक्समध्ये हे काम हार्फबझ ही मुक्त आज्ञावली करते. एकट्या हौशी रचनाकाराने ती आपल्या प्रणालीत बसविली, तर मराठीबरोबर देवनागरीत लिहिली जाणारी मालवणीही तेथे वेगळ्या खटाटोपाविना उमटते.