श्वसन व फुप्फुसधारिता
फुप्फुसे स्वतःहून फुगत नाहीत. मध्यपटल आकसून खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते. आतला दाब किंचित उतरताच हवा आत शिरते. शांतपणे श्वास सोडताना मात्र स्नायूंना फारसे काम नसते, ताणलेली फुप्फुसे आपसूक आक्रसतात. प्रौढ माणूस एका साध्या श्वासात सु. ५०० मिलि. हवा घेतो, पैकी सु. १५० मिलि. श्वासमार्गातच राहते, रक्ताच्या उपयोगी पडत नाही.

नियंत्रण : मुख्यतः मस्तिष्कस्तंभातून.

फुप्फुसधारितेच्या मापनाचा पाया लंडनचे वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये घातला. पाण्यात पालथी तरंगणारी, वजनाने तोललेली टाकी आणि तिच्यात शिरणारी नळी, एवढेच त्यांचे स्पायरोमीटर. फुंकले की टाकी वर चढे. खलाशी, पोलीस, अग्निशामक, कुस्तीगीर, कंगाल अशा २,१३० जणांना त्यांनी फुंकायला लावले. छाती भरून घेतलेला श्वास पुरता सोडल्यावर निघणाऱ्या हवेला त्यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’ म्हटले. उंची इंचभर वाढली की ती सु. ८ घनइंच वाढते, हे त्यांनीच दाखवले. क्षयाची चाहूल आधी लागावी, हा त्यांचा हेतू. आयुर्विम्यासाठीही हे यंत्र उपयोगी पडेल, असे त्यांना वाटे. १८६१ मध्ये फिजी बेटांवर त्यांचे निधन झाले. कारणाबाबत वेगवेगळ्या हकिकती आहेत.

आजची चाचणी : नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि तंत्रज्ञाचा सततचा धोशा : ‘फुंका, फुंका, अजून फुंका!’ रुग्णाने अंग चोरले की आकडे फसवे येतात, म्हणून निदान तीनदा फुंकवून घेतात. पहिल्या सेकंदात किती हवा निघाली, ते दम्यात आणि सीओपीडीत (फुप्फुसांच्या दीर्घकालीन अवरोधक विकारात) विशेष पाहतात. ही कल्पना फ्रान्समध्ये तिफेनो व पिनेली यांनी १९४७ मध्ये मांडली.

कितीही जोर लावला तरी सु. १.२ लि. हवा आत उरतेच. ती स्पायरोमीटरला दिसत नाही. हंफ्री डेव्ही यांनी १८०० च्या सुमारास हायड्रोजन श्वासात घेऊन स्वतःची उरलेली हवा मोजली होती. आता हेलियम वापरतात किंवा रुग्णाला हवाबंद पेटीत बसवतात.

रुग्णाच्या फुंकण्याची तुलना ज्यांच्याशी करतात ते अपेक्षित आकडे वंशानुसार बदलावेत का, हा वादाचा मुद्दा आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी ते १० ते १५ टक्के कमी धरण्याची प्रथा होती. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंशनिरपेक्ष सूत्रांची शिफारस केली. भारतीयांसाठी कोणते प्रमाण धरावे, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही.