शंभर सीसी की साडेतीनशे? पुण्याला रोज ये-जा करणाऱ्यांसाठी दुचाकीचा हिशोब

पुणे : दसरा-पाडवा जवळ आला की पुरंदर, हवेली, दौंड, भोर या तालुक्यांत घरोघरी एकच वाद असतो. पोराला बुलेट पाहिजे, वडील म्हणतात स्प्लेंडर बास झाली. पोरगं पुण्यात कामाला, रोजचं जाणं-येणं साठ-सत्तर किलोमीटर, आणि घरात गाडी एकच येणार. तीच गाडी सकाळी डेअरीला दूध घालणार, तीच आईला दवाखान्यात नेणार. हप्ते तीन-चार वर्षं फेडायचे. म्हणून लहान आणि मोठी गाडी प्रत्यक्ष चालवताना काय फरक पडतो, ते आधी बघून घ्यावं.

तसा हा जिल्हा दुचाकीचाच. ५० सीसीची लुना १९७२ पासून पुण्याच्या कायनेटिकने रस्त्यावर आणली. बजाजचा कारखाना आकुर्डीत, पुढे चाकणला. २००१ मध्ये पल्सर आली आणि गावातल्या पोरांना पहिल्यांदा 'पिकअप' हा शब्द कळला. आज ट्रायम्फ स्पीड ४०० सुद्धा चाकणलाच तयार होते.

आता मुद्द्याचं. माणसं सीसी विचारतात, पण चालवताना आधी वजन जाणवतं. स्प्लेंडर ९७ सीसीची, वजन ११२ किलोच्या आसपास, ताकद ८ हॉर्सपॉवर. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, ताकद २०. मागे-पुढे दोन माणसं मिळून १४० किलो धरा. स्प्लेंडरच्या एका हॉर्सपॉवरला ३१ किलो ओढावे लागतात, क्लासिकच्या एका हॉर्सपॉवरला १७. दीडशेची पल्सर मध्ये, साधारण २० किलो. स्पीड ४०० क्लासिकपेक्षा हलकी, १७६ किलोची, आणि ताकद ४०; तिला एका हॉर्सपॉवरमागे ८ किलोच. म्हणजे मोठी दिसते तीच पळते असं काही नाही.

शहरात हा हिशोब उलटा होतो. हडपसर गाडीतळ, फातिमानगर, स्वारगेट, इथे वेग वीसच्या वर जात नाही. पाय टेकत, थांबत, पुन्हा सोडत जायचं. ११२ किलोची गाडी पायानेच मागे सरकते, पीएमपीच्या बसशेजारून निघते, पार्किंगमध्ये एका हाताने ओढता येते. १९५ किलोची गाडी चालू असताना वजन सांगत नाही, थांबली की सांगते. उताराकडे तोंड करून पार्क केली तर मागे घ्यायला दुसरा माणूस लागतो. क्लच दाबून डाव्या हाताचं मनगट भरून येतं आणि उन्हाळ्यात सिग्नलला इंजिनची धग पोटरीला लागते. फक्त पुण्याच्या गर्दीतच फिरायचं असेल तर मोठ्या गाडीत सुख शोधू नये, असं माझं मत आहे. पाणंद रस्त्याचंही तेच. चिखलात मागचं चाक रुतलं की हलकी गाडी दोघं उचलून बाजूला ठेवतात.

घाटात मात्र लहान गाडीची परीक्षा होते. सासवडकडून येणाऱ्याला दिवे घाट नाहीतर बोपदेव, दोन्हीकडे चढ-उतार आहेच. डबल सीट शंभर सीसी चढाला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर येते, मागे ट्रक हॉर्न मारतो आणि ओव्हरटेक करायला इंजिनात काही शिल्लक नसतं. साडेतीनशेची गाडी तोच चढ न कुरकुरता ओढते. तिचा जोर कमी फेऱ्यांतच मिळतो, सारखे गिअर बदलावे लागत नाहीत.

उतरताना जास्त सांभाळायचं. मोठं इंजिन गिअरमध्ये ठेवलं की तेच गाडी धरून ठेवतं. लहान इंजिनाची ही धर कमी, म्हणून माणूस ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो. ड्रम ब्रेक तापला की पकड कमी होते, नेमकी खालच्या वळणावर. त्यात आपल्याकडे पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरायची खोड. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट थोडं लागतं. चार पैसेही वाचत नाहीत आणि जीव टांगणीला. ज्या गिअरवर घाट चढता त्याच गिअरवर उतरा.

सोलापूर रस्त्याला उरुळी कांचन, यवत, पाटसच्या पुढे मोकळं लागलं की शंभर सीसी साठपर्यंत खुशीत चालते. सत्तर-ऐंशीला हॅन्डल आणि फूटरेस्ट थरथरतात, तासाभराने बोटं बधिर होतात. शेजारून मोठा ट्रक गेला की वाऱ्याने हलकी गाडी ढकलली जाते. जड गाडी रुंद टायरवर सरळ राहते, मागे बसलेल्याची पाठही कमी दुखते. (मुंबईला एक्सप्रेसवेने जायचं स्वप्न मात्र दोघांनीही सोडावं, तिथे दुचाकीला बंदीच आहे. जुन्या रस्त्याने खंडाळ्यातून जायचं.)

ब्रेकचा फरक कायद्यानेच पाडलाय. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, १२५ पर्यंत सीबीएस चालतं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. गळिताच्या हंगामात रस्त्यावर उसाचं पाचट आणि ट्रॉलीच्या चाकांची माती पडलेली असते, पावसाचा शिंतोडा आला की ती साबणासारखी होते. तिथे एबीएसची किंमत वसूल होते.

पैशाचं थोडक्यात. शंभर सीसी लिटरला साठच्या वर देते, साडेतीनशे पस्तीसच्या आसपास. महिन्याला दीड हजार किलोमीटर पळवली तर एकीला २५ लिटर, दुसरीला ४३. टायर, चेनसेट, सर्व्हिसिंगही मोठीचं महाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के आहे. त्यामुळे चारशेची घेताना हा फरक कोटेशनमध्ये बघा.

घाट ओलांडून रोज पुणे गाठणाऱ्याला, तेही डबल सीट, शंभर सीसी कमी पडते आणि साडेतीनशे पेट्रोलला परवडत नाही. त्याने १२५ ते १६० मधली बघावी, जमलं तर एबीएसवाली. दुधाच्या किटल्या आणि शेत एवढंच काम असेल तर शंभर पुरे. रविवारी भीमाशंकर किंवा महाबळेश्वर करणाऱ्याने आणि घरात दुसरी गाडी असणाऱ्याने खुशाल मोठी घ्यावी.

शोरूमला टेस्ट राइड घ्याल तेव्हा एकटे जाऊ नका, मागे बसणारं माणूस बरोबर न्या. गाडी बंद करून दहा फूट मागे ढकलून बघा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात का बघा, जवळच्या चढावर थांबवून पुन्हा उचला. आणि घरात दोन्ही गाड्या राहणार असतील तर गिअरकडे लक्ष द्या. स्प्लेंडरला चारही गिअर पंजा खाली दाबून पडतात, क्लासिकला पहिला खाली आणि बाकीचे चार वर. सवयीने पाय खाली गेला की वाढवायच्या जागी गिअर कमी होतो आणि भर वेगात गाडी एकदम झटका देते. पहिले आठ दिवस ती गावातल्या रस्त्यावरच चालवा.