घोट्यावरची पट्टी: सुश्रुतापासून मेडिकलच्या काउंटरपर्यंत

पाचगणीच्या बाजारातल्या मेडिकलमध्ये जाऊन "मुरगळलेल्या पायाला बांधायची पट्टी द्या" असं म्हटलं, की दुकानदार तुमच्यासमोर तीन-चार वेगवेगळ्या वस्तू ठेवतो. कातडीच्या रंगाचं क्रेप बँडेज, पांढरी न ताणणारी चिकटपट्टी, जाडसर ताणणारी चिकटपट्टी, आणि आजकाल निळ्या-गुलाबी रंगाची ती पातळ टेप, जी टीव्हीवर खेळाडूंच्या खांद्यावर दिसते. कोणती घ्यायची? बहुतेक पालक रंग आणि किंमत पाहून ठरवतात. पण यातली प्रत्येक पट्टी वेगळ्या काळात, वेगळ्या कामासाठी तयार झाली आहे. ते काम कळलं की निवड सोपी होते, म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला स्वस्तिक बंध, म्हणजे पट्टीचे फेरे एकमेकांना छेदत नेण्याची पद्धत, सांध्यांसाठी आहे. आज घोट्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधतात, ती याच कल्पनेची आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते सुश्रुताने पट्टीच्या ताणाबद्दल लिहिलेलं. घट्ट, मध्यम आणि सैल असे ताणाचे तीन प्रकार तो सांगतो. मोडलेल्या हाडाच्या प्रकरणात तो बजावतो की पट्टी फार सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही, आणि फार घट्ट असेल तर सूज येते, दुखतं, कातडी पिकते. पट्टी किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची हेही ऋतूवर ठरतं: थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूंत पाच, उन्हाळ्यात तीन. घामाने आणि उष्णतेने पट्टीखालची कातडी खराब होते, हे त्यांनी पाहिलेलं असणार. पाचगणीच्या पावसाळ्यात ज्याने पायाला चिकटपट्टी लावून फुटबॉल खेळला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पुढे हाडवैद्यांनी आणि तालमीतल्या वस्तादांनी लेप आणि पट्टीची ही परंपरा चालवली. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकात वैद्यकाचा कल वेगळ्याच बाजूला गेला. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या असं सांगत. क्षयाने सांधे किडण्याचा तो काळ होता आणि क्षयावर औषध नव्हतं, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला अर्थ होता. आपली पाचगणीही त्याच काळाची साक्षीदार. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये इथे बेल एअर हे क्षयरुग्णांचं आरोग्यधाम सुरू केलं, ते इथल्या कोरड्या हवेच्या आणि विश्रांतीच्या भरवशावर. त्याच छोट्या गावात किमिन्स, सेंट पीटर्स, पुढे संजीवन अशा निवासी शाळा उभ्या राहिल्या आणि मैदानं मुलांनी भरली. एकीकडे पडून राहण्याचा उपचार, दुसरीकडे धावणारी पोरं. मुरगळलेला पाय नेमका या दोघांच्या मधे अडकतो: त्याला आधार हवा, पण झोपवून ठेवायला नको.

हे नेमकेपणाने मांडलं न्यूयॉर्कचे अस्थिशल्यचिकित्सक व्हर्जिल गिबनी यांनी, 1895 मध्ये. त्या वेळी घोटा मुरगळला की प्लास्टर आणि कुबड्या. गिबनींनी रबरी चिकटपट्टीच्या अरुंद पट्ट्या टोपली विणावी तशा, एक आडवी एक उभी, घोट्याभोवती लावल्या आणि रुग्णांना चालायला लावलं. "बास्केट वीव्ह" नावाची ती पद्धत खेळाडूंसाठी आजही वापरतात.

त्यांना हे जमलं कारण चिकटपट्टी तोवर तयार झाली होती. कापडावर रबराचा चिकट थर देण्याचं पेटंट अमेरिकेत 1845 मध्ये निघालं होतं. 1882 मध्ये हॅम्बुर्गचे औषधविक्रेते पॉल बायर्सडॉर्फ यांनी औषधी पट्ट्यांचं पेटंट घेतलं. पण जुन्या चिकटपट्ट्यांनी कातडी लाल होई, खाज सुटे. त्यावर उपाय निघाला झिंक ऑक्साइडचा, म्हणजे जस्ताच्या त्या पांढऱ्या भुकटीचा, जी आजही बाळांच्या मलमात असते. ती घातलेली पट्टी कातडीला बरीच सोसवते. 1901 मध्ये बायर्सडॉर्फच्या कंपनीने ल्युकोप्लास्ट बाजारात आणलं. "ल्युको" म्हणजे पांढरं. आपल्याकडे आजीसुद्धा कुठल्याही पांढऱ्या चिकटपट्टीला ल्युकोप्लास्ट म्हणते, त्याचं मूळ हे.

ही पांढरी, न ताणणारी पट्टी सांध्याला नको त्या दिशेने वळू देत नाही. निदान तसं सगळे धरून चालले होते. 1962 मध्ये अमेरिकेत रॅरिक आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, तेव्हा जोरदार व्यायामाच्या दहा मिनिटांतच पट्टीच्या आधाराची ताकद सुमारे 40 टक्के कमी झालेली आढळली. मग खेळाडू उगीच पट्टी बांधत होते का? नाही. 1973 मध्ये गॅरिक आणि रेक्वा यांनी विद्यापीठातल्या बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. पट्टी बांधणाऱ्यांचे घोटे कमी मुरगळले, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो ज्यांचा घोटा आधी मुरगळलेला होता त्यांना. म्हणजे ढिली झालेली पट्टीही काहीतरी करत असते. एक शक्यता अशी की कातडीवरचा ओढ मेंदूला पायाची जागा सांगत राहतो आणि स्नायू वेळेत सावरतात.

रंगीत टेपची गोष्ट याच धाग्यातून पुढे जाते. जपानचे केन्झो कासे यांनी 1970 च्या दशकात कातडीइतकीच ताणणारी सुती टेप तयार केली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती खेळाडूंच्या अंगावर दिसली आणि जगभर विकली जाऊ लागली. ती हालचाल अडवत नाही, अडवण्यासाठी बनवलेलीच नाही. नंतरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत तिचा फायदा थोडा किंवा अनिश्चित दिसला. कुणाला तिने बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही. पण सैल झालेल्या घोट्याला ती लावून मुलाला सामन्यात उतरवू नका. तो आधार दिसायला आहे, असायला नाही.

आता तुमच्या मुलाचा पाय. वसतिगृहातून फोन येतो, "पाय मुरगळलाय, शनिवारी मॅच आहे." आधी विचारा की तो त्या पायावर चार पावलं टाकू शकतो का, आणि घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला, टोकाला दाबल्यावर दुखतं का. पावलं टाकता येत नसतील किंवा हाड दुखत असेल, तर पट्टीच्या निवडीचा प्रश्नच नाही, एक्स-रे काढायचा. मोडलेल्या हाडावर पट्टी बांधून खेळवलेली मुलं पाहण्याची वेळ येते, म्हणून हे ठासून सांगतो.

हाड ठीक असेल तर पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज. बोटांपासून वरच्या दिशेने, हलक्या ताणाने, पाय उंच ठेवून. या दिवसांत सूज वाढते, म्हणून न ताणणारी चिकटपट्टी गोल गुंडाळायची नाही, ती सुजेबरोबर ढिली होत नाही. बांधल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परतला नाही, बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. सुश्रुताचा इशारा हाच होता.

न ताणणारी पांढरी पट्टी लागते ती नंतर, मैदानावर परतताना, आणि ती जाणकार हाताने बांधावी लागते. घोटा बहुधा आत वळून मुरगळतो, म्हणून पट्टी आतल्या बाजूने तळव्याखालून बाहेर वर ओढतात. ताणणारी जाड पट्टी बोटांच्या सांध्यांना, मनगटाला किंवा पांढऱ्या पट्टीवर वरून बसवायला बरी. बांधणारा कुणी नसेल तर लेस असलेला घोट्याचा ब्रेस घ्या. मुलाला तो स्वतः घालता येतो, पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि वर्षभराच्या पट्ट्यांहून स्वस्त पडतो. सोबत रोज एका पायावर उभं राहण्याचा व्यायाम, दात घासताना जमला तरी चालेल. घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून तो पट्टीइतकाच उपयोगी आहे.

पट्टी लावण्याआधी पाय पूर्ण कोरडा करा. पावसाळ्यात ओल्या कातडीवर ती धरत नाही आणि खाली फोड येतात. खेळ संपला की काढा, रात्रभर ठेवू नका. काढताना झटका देऊ नका, थोडं खोबरेल तेल लावून, केसांच्या दिशेने, एका हाताने कातडी दाबून धरत सोडवा.