कृशतेचीं औषधें आणि त्यांचा इतिहास

कोल्हापूरच्या माणसास भरलेल्या अंगाची लाज कधीं वाटली नाहीं. ज्या नगरांत शाहू महाराजांनीं उभारलेलें खासबागेचें कुस्त्यांचें मैदान १९१२ सालापासून गाजत आलें, जेथें गंगावेस आणि मोतीबाग या तालमींचीं नांवें लहान मुलांसही ठाऊक असतात, आणि पाहुण्याच्या पानांत तांबडा-पांढरा रस्सा आग्रहानें वाढणें हा जेथील शिष्टाचार आहे, तेथें थोराड शरीर हें बळाचें लक्षण मानलें जावें हें स्वाभाविकच होय. परंतु तालमींतलें अंग मेहनतीनें कमावलेलें असतें. खुराक तसाच राहिला आणि मेहनत सुटली, म्हणजे त्याच अंगाचा भार होऊं लागतो. आज आमच्या मध्यम वर्गांतील पुष्कळ कुटुंबें या दुसऱ्या अवस्थेंत आहेत, आणि वजन उतरविणाऱ्या औषधांची चौकशी घरोघरीं चालली आहे. अशा वेळीं या औषधांचा पूर्वेतिहास पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

स्थूलतेची चिंता आपणांकडे परदेशांतून आलेली नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत जीं आठ प्रकारचीं शरीरें निंद्य ठरविलीं आहेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचेंच विवेचन विस्तारानें केलेलें आहे. आणि या दोहोंत स्थूलतेची चिकित्सा अधिक कठीण मानली आहे. पोषण द्यावें तर मेद वाढतो, उपाशी ठेवावें तर भूक सोसवत नाहीं, अशी वैद्याची दुहेरी अडचण तेथें मांडली आहे. ही अडचण एका गोळीनें सुटेल, ही आशा मात्र विसाव्या शतकाची.

तिचा पहिला मोठा अनुभव अमेरिकेनें घेतला. डायनायट्रोफेनॉल हें द्रव्य पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत वापरीत असत. १९३३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील कटिंग व टेंटर या संशोधकांनीं त्यानें वजन उतरतें असें दाखविलें, आणि वर्ष दीड वर्षांत सुमारें एक लाख लोकांनीं तें घेतल्याचा अंदाज झाला. त्याची क्रिया समजण्यास आपल्या गुऱ्हाळाचा दृष्टान्त पुरे. चुलवाणांत चिपाडें कोंबून जाळ करावा, पण उष्णता काहिलीस न लागतां भगदाडांतून निसटावी. सरपण संपतें, गूळ होत नाहीं, गुऱ्हाळघर मात्र तापत राहतें. शरीरांतील अन्नाचें असेंच निष्फळ ज्वलन होऊन वजन उतरे. पण ज्वर चढून कांहीं रोगी दगावले, आणि कित्येकांच्या डोळ्यांत ऐन तरुणपणीं मोतीबिंदू झाले.

हें औषध थांबविण्याचें साधन सरकारजवळ नव्हतें. तें मिळालें तें निराळ्याच एका अनर्थामुळें. १९३७ सालीं सल्फानिलामाइड हें औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवांत विरघळवून विकलें गेलें आणि शंभरांहून अधिक माणसें मेलीं. तेव्हां १९३८ चा कायदा झाला, आणि त्याच्या बळावर डायनायट्रोफेनॉलही बाजारांतून गेलें. आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिति १९३० सालीं नेमली गेली आणि औषधांचा कायदा १९४० सालीं झाला. परंतु कायदा झाला म्हणजे दक्षता आली असें नाहीं. तेंच डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरीनमधून रोग्यांच्या पोटांत गेलें आणि चौदा जीव गेले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्या प्रकरणाची चौकशी केली. येथें वजनाचा संबंध नव्हता हें खरें. पण पहारा ढिला पडला म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें स्वतःच्या घरांत पाहिलें.

पुढील इतिहास जवळजवळ एकाच साच्याचा आहे. १९६५ सालीं स्वित्झर्लंड, जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत ॲमिनोरेक्स हें भूक मारणारें औषध आलें. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा घातक विकार एकदम वाढला, आणि १९६८ सालीं तें परत घ्यावें लागलें. हा धडा मिळालेला असतांही पुढें फेनफ्लुरामिन व त्याचें भावंड डेक्सफेनफ्लुरामिन यांचा अमेरिकेंत फार बोलबाला झाला. १९९७ सालीं मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं हृदयाच्या झडपा बिघडलेल्या चोवीस स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्याच सप्टेंबरांत दोन्ही औषधें बाजारांतून उठलीं. नंतर आलें सिब्युट्रामिन. हृदयविकार असलेल्या रोग्यांवर वर्षानुवर्षें चाललेल्या मोठ्या चाचणींत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात त्यानें वाढतात असें दिसलें. २०१० च्या जानेवारींत युरोपनें व ऑक्टोबरांत अमेरिकेनें तें बंद केलें. रिमोनाबंट या औषधानें भूक कमी होई, पण मन खचून आत्महत्येचे विचार येऊं लागत; युरोपनें तें २००८ च्या ऑक्टोबरांत थांबविलें.

हीं शेवटचीं दोन्ही औषधें भारतांतही विकलीं जात होतीं. १९८२ सालीं कायद्यांत घातलेल्या २६-अ या कलमानें घातक औषध बंद करण्याचा अधिकार केंद्र सरकारास आहे. त्याप्रमाणें रिमोनाबंट २००९ च्या डिसेंबरांत आणि सिब्युट्रामिन २०११ च्या फेब्रुवारींत निषिद्ध झालें. म्हणजे दोन्ही वेळीं युरोपनें औषध थांबविल्यानंतर आपल्याकडील बंदीस वर्षाहून अधिक काळ लागला. त्या अवधींत ज्यांनीं तें घेतलें, त्यांना ही बातमी कोणी सांगावयाची होती?

असें वारंवार कां घडतें? कर्करोगाचा रोगी मोठा धोका पत्करतो, कारण दुसऱ्या बाजूस मृत्यु उभा असतो. वजनाचें औषध मात्र बहुधा चालतींबोलतीं माणसें घेतात. त्यांत लग्नाच्या वाटाघाटींत कोणी कांहीं बोललें म्हणून खिन्न झालेली मुलगीही असते. चाचणी महिन्यांची, सेवन वर्षांचें. आणि झडपेचा बिघाड किंवा मनाचा अंधार कांहीं आठवड्यांत दिसत नाहीं. औषध सोडलें कीं वजन परत येतें, म्हणून तें सुटतही नाहीं.

म्हणून नवें तें सर्व त्याज्य, असें आमचें म्हणणें नाहीं. २०२५ सालीं टिर्झेपाटाइड व सेमाग्लुटाइड हीं वजनासाठींचीं इंजेक्शनें भारतांत आलीं. त्यांतील सेमाग्लुटाइडची सतरा हजारांहून अधिक हृदयविकारी रोग्यांवर झालेली चाचणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तींत हृदयाचे मोठे आघात सुमारें एकपंचमांशानें कमी झालेले दिसले. मागील औषधांनीं हृदय बिघडविलें होतें, तेथें हा फरक लहान नव्हे. तथापि मळमळ, पित्ताशयाचे विकार यांसारखे दोष त्यांसही आहेत, आणि पुष्कळ वर्षांच्या सेवनाचा हिशेब काळच देईल.

मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्यांचें दुखणें यांनीं गांजलेल्या स्थूल माणसानें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषध घेणें यांत कमीपणा नाहीं. पण केवळ मंडपांत बारीक दिसावें म्हणून, शेजारणीच्या सांगण्यावरून, चिठ्ठीवांचून आणलेली वस्तु मुलीच्या हातीं देण्यापूर्वीं आईबापांनीं हा नव्वद वर्षांचा इतिहास एकदां डोळ्यांखालून घालावा. त्यांतील प्रत्येक औषध प्रथम निर्धोक म्हणूनच विकलें गेलें होतें.