शाळिग्रामाचं कूळ

नाणेघाटापासून आहुप्याच्या कड्यापर्यंत जुन्नर-आंबेगावातला कुठलाही दगड फोडा, त्यात समुद्राचा शिंपला मिळायचा नाही. हा सगळा काळा पाषाण लाव्ह्याचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला आणि शिवनेरी, चावंड, हडसर हे त्याच थरांतून कोरले गेले. विहीर खणताना गारगोट्या निघतात, स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या निघतात. पण त्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या जागा. जीव तिथं कधीच नव्हता.

तरी या दोन तालुक्यांतल्या कितीतरी देव्हाऱ्यांत एक समुद्रजीव बसलेला आहे. रोज त्याला अभिषेक होतो, वर तुळशीचं पान ठेवलं जातं आणि काही घरांत कार्तिकात बाळकृष्णाऐवजी तोच तुळशीचा नवरदेव होतो. शाळिग्राम इथला नव्हे. तो नेपाळातल्या गंडकीचा, म्हणजे मुक्तिनाथाजवळून वाहणाऱ्या काली गंडकीचा. तिथल्या डोंगरांत काळ्या चिखलाचा जुना खडक आहे. नदी तो झिजवते, त्यातले गोटे मोकळे होतात आणि एखादा गोटा दुभंगला की आत चक्र दिसतं.

हे चक्र आलं कुठून, याचं उत्तर आपल्या परंपरेनं फार पूर्वी देऊन ठेवलंय. तुळस गंडकी झाली, विष्णू शिळा झाला आणि वज्रकीट नावाच्या किड्यानं आपल्या कठीण दातांनी त्या शिळेत चक्रं कोरली, अशी पुराणकथा आहे. मला या कथेचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की दगडातल्या आकृतीमागे तिनं एक प्राणी मानला. फक्त त्यानं चक्र कोरलं नाही. चक्र हे त्याचं घरच होतं.

तो प्राणी अमोनाइट. माकुल आणि ऑक्टोपस यांचा हा नातेवाईक गुंडाळलेल्या शंखात राहायचा. शंखात ओळीनं कप्पे असायचे. शेवटच्या मोठ्या कप्प्यात प्राणी स्वतः, मागच्या कप्प्यांत वायू, त्यामुळे पाण्यात तरंगणं सोपं. भारताच्या उत्तरेला तेव्हा समुद्र होता. एडुआर्ट झ्यूस या भूवैज्ञानिकानं 1893 मध्ये त्याला टेथिस हे नाव दिलं. भारताचा भूखंड आशियावर आदळला, समुद्राचा तळ उचलला गेला आणि त्याचा चिखल आज साडेतीन हजार मीटरहून उंच जागी आहे.

शाळिग्राम हा दगड झालेला सागरी शंख आहे, हे युरोपीय प्रवाशांच्या लक्षात अठराव्या शतकातच आलं होतं. फ्रेंच प्रवासी सोनेरा याच्या 1782 च्या प्रवासवर्णनात तसा उल्लेख येतो. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्डिनांड श्टोलिच्का यानं हिमालयातल्या या काळ्या खडकाची स्पिती शेल म्हणून ओळख करून दिली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिक्टर ऊलिश यानं त्यातल्या अमोनाइटांची मोठी सूची केली. श्टोलिच्का 1874 मध्ये काराकोरमहून परतताना लडाखमध्ये वारला. त्याआधी त्यानं कच्छमध्येही भरपूर अमोनाइट गोळा केले होते. त्यांचं वर्णन विल्हेल्म वागेन यानं 1873 ते 1875 मध्ये प्रसिद्ध केलं.

या सगळ्यांचा प्रश्न एकच होता: हा अमोनाइट कोणत्या जातीचा आणि कोणत्या काळातला? तो मेल्यावर त्याचं काय झालं, हे कोणी फारसं विचारत नव्हतं. जीव मेल्यापासून दगड होईपर्यंतच्या प्रवासाच्या अभ्यासाला 1940 मध्ये रशियन जीवाश्मतज्ज्ञ इवान येफ्रेमोव यानं टॅफॉनॉमी असं नाव दिलं. (हा गृहस्थ विज्ञानकादंबऱ्याही लिहीत असे.) त्याचं काम जमिनीवरच्या प्राण्यांवर होतं, पण ही नजर समुद्रातल्या शंखांनाही लागू पडली.

इथं एक गंमत आहे. शाळिग्राम पारखताना जी लक्षणं पाहतात, त्यातली बरीच भूवैज्ञानिकही पाहतो. रंग गडद काळा आहे? म्हणजे चिखलात सेंद्रिय द्रव्य साठत गेलं. चक्रात सोनेरी झाक आहे? तिला हिरण्यगर्भ म्हणून मान मिळतो. ती पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाची असते. प्राणवायू नसलेल्या चिखलात ते तयार होतं. चक्राच्या कडा नाजूक, न मोडलेल्या आहेत? म्हणजे लाटांनी शंख घासला नाही. तो लाटा पोचत नाहीत अशा शांत, खोल पाण्यात निजला. भोवती गोटा झाला, याचा अर्थ चिखल हळूहळू साचत होता आणि कुजणाऱ्या शरीराभोवती खनिजं जमायला वेळ मिळाला. देवाची परीक्षा आणि समुद्राच्या खोलीची परीक्षा एकाच पृष्ठभागावर होते.

उथळ समुद्राची लक्षणं उलटी. तिथं शंख फुटतात, त्यांचे तुकडे एका दिशेनं लोळलेले सापडतात. शिवाय मेलेल्या अमोनाइटाच्या कप्प्यांत वायू असल्यानं तो वर येऊन दूरवर वाहत जाऊ शकतो. खोल पाण्यात दाबानं पाणी आत शिरतं आणि शंख तिथंच बसतो. त्यामुळे एकटादुकटा शंख साक्षीला घेणं धोक्याचं. पूर्ण थर वाचावा लागतो.

असा थर वाचायला कच्छ उत्तम. भुजजवळच्या धोसा गावावरून नाव मिळालेला धोसा उओलाइट हा सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीचा पातळ थर आहे. त्यातले बरेच अमोनाइट झिजलेले, किड्यांनी पोखरलेले. काहींवर दुसऱ्या जीवांनी घरं बांधलेली. म्हणजे ते तळावर दीर्घकाळ उघडे पडून होते, गाळ येतच नव्हता. समुद्र चढला की किनारा मागे सरतो, नद्यांचा गाळ तिथंच अडकतो आणि दूरचा तळ उपाशी राहतो. अशा थरातून समुद्राच्या चढाची खूण मिळते. अर्थात पाणी चढलं की जमीन खचली, हे एका गावातून ठरत नाही. दूरदूरच्या थरांत एकाच वेळी तीच खूण दिसावी लागते.

आपल्याला त्याहून जवळचा समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातला. साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी तो पश्चिमेकडून आत शिरला होता आणि धार जिल्ह्यातल्या बाग परिसरात चुनखडक ठेवून गेला. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेतले ग. वा. चिपळूणकर यांनी बागच्या जीवाश्मांवर अनेक वर्षं काम केलं. तिथल्या गाठाळ चुनखडकात अमोनाइट मिळतात. वरच्या थरात ब्रायोझोआ नावाच्या बारीक जीवांचे तुकडे खच्चून भरलेले, म्हणजे पाणी उथळ होत गेलेलं. त्यावर नंतर लाव्हा पसरला, जुन्नरला आहे त्याच कुळातला.

देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाला मात्र समुद्राची चढउतार सांगता येत नाही. नदीनं त्याला थरातून उचललं तेव्हाच वर काय होतं नि खाली काय होतं हे पुसलं गेलं. आपण खोल, शांत पाण्यात निजलो एवढंच तो सांगतो. आणि चक्र आत दडलेलं असेल, तर हेही पाहायला तो फोडावा लागेल, जे कुठली आजी करू देणार नाही. आपसूक दुभंगला, तर मात्र खंडित शाळिग्रामही पूजेला चालतो.